उद्योजकता शिक्षण, महाविद्यालयीन (संगमेश्वर तालुका)

पदवीच्या विद्यार्थ्यांना स्वतःचा व्यवसाय उभारता यावा, निदान व्यवसायाच्या नजरेने आपल्या भागाकडे पाहता यावे, यासाठी दिले जाणारे शिक्षण. रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्याचे मुख्यालय देवरुख असून आठल्ये-सप्रे-पित्रे महाविद्यालय तेथेच आहे. जवळच आंबव येथे राजेंद्र माने अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शिक्षण झाले की मुंबई गाठायची, ही इथल्या घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यामुळे मुलाने गावात धंदा काढायचे म्हटले, तर पहिली समजूत घरच्यांचीच घालावी लागते.

उद्यमवृत्ती शिकवता येते का, याचा भारतातील गाजलेला प्रयोग अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४च्या सुमारास आंध्रातील काकिनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांवर केला. प्रशिक्षणानंतर ते धंद्यात अधिक धडाडीने उतरल्याचे आढळले. मात्र त्यांच्याकडे आधीपासून दुकान होते, गिऱ्हाईक होते. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याकडे यांपैकी काहीच नसते, म्हणून त्याला आधी छोटा का होईना, खरा व्यवहार हाताळायला द्यावा लागतो. पुढे १९८३ साली अहमदाबादेत भारतीय उद्यमिता विकास संस्था आणि १९८८ साली महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले.

महाराष्ट्रात याहून जुना दाखलाही आहे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. तिथे माल तयार होई आणि कारागीरही तयार होत. शिक्षण आणि धंदा एकाच छपराखाली ठेवण्याची ती कल्पना आजही अनुकरणीय आहे.

मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागाची ‘अन्नपूर्णा योजना’ हा संलग्न महाविद्यालयांना उपलब्ध असलेला साधा, पण नेमका उपक्रम. यात विद्यार्थी खाद्यपदार्थ करून विकतात. कोकम सरबताच्या पेल्याची किंमत ठरवताना साखर आणि आगळ सगळ्यांच्या लक्षात राहते. बर्फ, पेले, उरलेला माल आणि स्वतःची मेहनत मात्र हिशेबातून सुटते. संध्याकाळी गल्ला मोजताना विक्री आणि नफा यांतला फरक जितका पक्का कळतो, तितका तो पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

तालुक्यातील काजू हा तर संपूर्ण अभ्यासक्रमच ठरू शकतो. बी वाळवणे, वाफवणे, फोडणे, गर सुकवणे, साल काढणे आणि प्रतवारी अशी ही साखळी. साधारण ४ किलो बीतून १ किलो गर मिळतो. बी १२० रुपये किलोने घेतली असे धरले, तर मजुरी आणि जळण सोडूनच गराला किलोमागे ४८० रुपये पडतात. फोडताना गर अखंड निघाला तर चांगला भाव. पाकळी किंवा तुकडा झाला की भाव उतरतो. त्यातून बी मिळते उन्हाळ्यात, विक्री चालते वर्षभर. म्हणजे हंगामात घातलेले पैसे महिनोन्‌महिने मोकळे होत नाहीत. खेळते भांडवल म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण या मातीत नाही. स्पर्धेसाठी चकचकीत सादरीकरणे करून घेण्यापेक्षा एक पोते बी विकत घेऊन त्याचा शेवटच्या तुकड्यापर्यंत हिशेब करायला लावणे अधिक मोलाचे.

भांडवलासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम (२००८) आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम (२०१९) आहेत. त्यांचे जिल्ह्यातील काम जिल्हा उद्योग केंद्र पाहते. अनुदान कर्जाला जोडलेले असते, कर्ज फेडावेच लागते, हे विद्यार्थ्यांना अर्ज भरण्यापूर्वीच समजले पाहिजे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आले आहे. देवरुखजवळ साडवलीला औद्योगिक वसाहत असली, तरी सगळ्यांना पुरतील इतके कारखाने तालुक्यात नाहीत. ती उणीव काजू फोडणारे, आमरस डबाबंद करणारे, फणसाचे गरे तळणारे छोटे घरगुती व्यवसाय भरून काढू शकतात. त्यांच्याकडे काम केलेले दिवसही प्रशिक्षणात धरले जावेत.