बसमधले चुलतभाऊ

28 ऑगस्ट 1963 च्या वॉशिंग्टन मोर्चाचं नाव निघालं की आपल्याकडे मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण आठवतं. आमच्या इमारतीतल्या आजोबांना आधी सँडविचं आठवायची. खाणं घरून आणा, पण मेयोनीज लावलेलं काही आणू नका, उन्हात नासेल, अशी सूचना संयोजकांनी आधीच दिलेली. आजोबांच्या आईने ती तंतोतंत पाळली. पावाला पीनट बटर आणि जॅम लावून, कागदात गुंडाळून दोन पुड्या दिल्या. एक मुलाला, एक त्याच्या मित्राला.

हे आजोबा हार्लेमचे. जन्म साउथ कॅरोलायनातला, लहानपणी आईबरोबर उत्तरेला आलेले. न्यूयॉर्कच्या सिटी बसवर ड्रायव्हर म्हणून सगळी नोकरी झाली. मी तिथे राहायला गेलो तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. उन्हाळ्यात संध्याकाळी इमारतीच्या पायऱ्यांवर बसत आणि मला हाक मारून बसवून घेत. मी गे आहे हे त्यांनी माझ्या आधी ओळखलं असावं, कारण स्वतःबद्दल त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, तर मोर्चाची गोष्ट सांगितली. मध्यरात्रीनंतर सुटलेल्या बसमध्ये शेजारी बसलेला मित्र त्यांचा जोडीदार होता. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं तेव्हा मात्र दोघे चुलतभाऊ झाले.

तो मोर्चा उभा केला बेयर्ड रस्टिन यांनी. जन्म 1912, पेनसिल्व्हेनियातलं वेस्ट चेस्टर गाव. आजी-आजोबांनी वाढवलेला मुलगा. आजी ज्युलिया क्वेकर संस्कारांची, त्यामुळे अहिंसा घरातूनच आलेली. दुसऱ्या महायुद्धात बंदूक धरायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेले. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटिश वकिलातीसमोर निदर्शनं करून अटक करून घेतली. गांधीजींच्या हत्येनंतर, 1948 मध्ये भारतात येऊन गेले. पुढे 1956 मध्ये माँटगोमरीच्या बस बहिष्काराच्या वेळी तरुण किंगना सत्याग्रह शिकवायला जे लोक गेले, त्यांत रस्टिन आघाडीवर होते. किंग यांच्या घरात तेव्हा संरक्षणासाठी बंदुका होत्या. हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. गांधी ते किंग अशी सरळ रेघ ओढताना मधला हा माणूस गळून जातो.

तो आपोआप गळलेला नाही, गाळला गेला. 1953 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना इथे दोन पुरुषांबरोबर मोटारीत सापडले म्हणून रस्टिन यांना अटक आणि साठ दिवसांची कैद झाली. तेव्हापासून ती नोंद त्यांच्या पाठीमागे फिरली. 1960 मध्ये हार्लेमचेच काँग्रेस सदस्य ॲडम क्लेटन पॉवेल यांनी धमकी दिली, की रस्टिनना दूर करा, नाहीतर किंग आणि रस्टिन यांचे संबंध असल्याचं उठवून देऊ. तसं काही नव्हतं. तरी रस्टिन यांनी किंग यांच्यासोबतच्या कामाचा राजीनामा दिला आणि किंग यांनी तो घेतला. मला किंगबद्दल अपार आदर आहे, आणि तो आदर ठेवूनच म्हणतो, त्या दिवशी त्यांनी चूक केली.

1963 च्या मोर्चाच्या वेळी पुन्हा तेच. चळवळीतले दुसरे नेते रॉय विल्किन्स म्हणाले, रस्टिन प्रमुख नको. तेव्हा रेल्वेच्या पोर्टर लोकांची युनियन बांधणारे म्हातारे ए. फिलिप रँडॉल्फ यांनी प्रमुखपद स्वतः घेतलं आणि उपप्रमुख म्हणून रस्टिनना नेमलं. हार्लेममधल्या 130 व्या रस्त्यावरच्या कचेरीतून, दोन महिन्यांहून कमी वेळात, रस्टिन यांनी बसगाड्या, खास रेल्वेगाड्या, पाण्याचे नळ, संडास, प्रथमोपचार, सगळं जमवलं. बंदोबस्तासाठी न्यूयॉर्कचे सुटीवरचे काळे पोलीस घेतले आणि त्यांना बंदुकीशिवाय गर्दी सांभाळायला शिकवलं. मोर्चा तोंडावर आला असताना सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी भर सभागृहात रस्टिन यांच्या अटकेचा कागद वाचला. या वेळी रँडॉल्फ पुढे झाले आणि सगळ्या नेत्यांच्या वतीने रस्टिन यांच्या पाठीशी उभे राहिले. अडीच लाख माणूस आला. दिवसाच्या शेवटी मोर्चाच्या मागण्या वाचायला मंचावर रस्टिनच होते.

आजोबा सांगत, थर्मंडचं भाषण पेपरात आलं तेव्हा त्यांच्या आईने तो पेपर घडी घालून गादीखाली ठेवला. आईला माहीत होतं का? आजोबा म्हणाले, “पुड्या दोन केल्या होत्या ना तिने.”

बायकांच्या गोष्टी त्यांच्याकडे कमी होत्या. त्या मला ब्रुकलिनमध्ये, लेस्बियन हर्स्टरी अर्काइव्ह्ज या संग्रहाने जपलेल्या मेबल हॅम्प्टन यांच्या ध्वनिफितींमुळे कळल्या. मेबल 1902 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात जन्मल्या. आई तान्हेपणीच गेली. न्यूयॉर्कला नातेवाइकांकडे पाठवलं, तिथे छळ झाला, तर आठ वर्षांची ही पोर एकटी घरातून निघून गेली. पुढे नाचाच्या कंपन्यांत काम केलं, हार्लेमचे ते झगमगीत दिवस पाहिले. पांढरा कोट-पँट आणि उंच हॅट घालून पियानो बडवत गाणाऱ्या ग्लॅडिस बेंटलीचा तो जमाना. पण नाचाने पोट भरेना, म्हणून मेबल यांनी रंगमंच सोडून गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी धरली. 1932 मध्ये बसची वाट बघताना लिलियन फॉस्टर भेटल्या. दोघी 1978 पर्यंत, लिलियन जाईपर्यंत, एकत्र राहिल्या. शेजारीपाजारी काय म्हणत होते याची फिकीर त्या फितींमध्ये कुठेच ऐकू येत नाही. मेबल हसतात, मध्येच दुसऱ्याच कुणाची गोष्ट काढतात, पुन्हा लिलियनकडे येतात.

बेंटलीचं तसं झालं नाही. 1952 मध्ये, सिनेटर मॅकार्थीच्या चौकशीसत्रांच्या काळात, काळ्या वाचकांच्या ‘एबनी’ मासिकात त्यांनी लेख लिहिला, की उपचार घेऊन आपण पुन्हा ‘बाई’ झालो आहोत. सोबत स्वयंपाकघरातले, घरसंसाराचे फोटो. ज्यांनी वीस वर्षं हजारोंसमोर कोट घालून गाणी म्हटली, त्यांना पुढची वर्षं जगता यावीत म्हणून हे लिहावं लागलं. तो अंक मी वाचनालयात पाहिला आणि फार वेळ पान उलटवू शकलो नाही.

मेबल मात्र 1984 मध्ये, ब्याऐंशी वर्षांच्या असताना, न्यूयॉर्कच्या प्राइड मोर्चात व्यासपीठावर चढल्या आणि म्हणाल्या, की माझी सगळी माणसं या देशात आणि जगभर मोकळी झालेली मला बघायची आहेत, माझी गे माणसं आणि माझी काळी माणसं. एका दमात, दोन्ही.

एका दमात म्हणणं सोपं नव्हतं. आजोबा सत्तरच्या दशकात ग्रेनिच व्हिलेजमधल्या बारमध्ये जात. दारावरचा माणूस गोऱ्यांना हसून आत सोडी आणि यांच्याकडे एक ओळखपत्र मागे, ते दाखवलं की दुसरं, मग तिसरं. स्टोनवॉल बारमधला गे लोकांचा उठाव होऊन गेल्यावरची ही गोष्ट आहे. इकडे 1983 मध्ये वॉशिंग्टन मोर्चाला वीस वर्षं झाली म्हणून पुन्हा मोर्चा निघाला, तर संयोजक समलिंगी वक्त्याला मंचावर येऊ देईनात. धरणं धरावं लागलं, अटका झाल्या, तेव्हा कुठे हार्लेमच्याच कवयित्री ऑड्री लॉर्ड यांना काही मिनिटं मिळाली. आणि मग एड्स. 1992 मध्ये कवी डोनाल्ड वुड्स यांच्या अंत्यविधीत ना ते गे असल्याचा उल्लेख, ना आजाराचा. तेव्हा हैतीत जन्मलेले कवी असोतो सेंट भर चर्चमध्ये उठून दोन्ही गोष्टी मोठ्याने बोलले. दोन वर्षांनी ते स्वतः त्याच आजाराने गेले. आजोबांचे ‘चुलतभाऊ’ त्याच्या आधीच गेले होते. चर्चमध्ये कुटुंबाच्या रांगेत बसायला मिळालं का, असं मी विचारलं. मिळालं होतं. चुलतभाऊ म्हणून.

मला या गोष्टी इतक्या जवळच्या का वाटतात, ते सांगायला हवं. मी नायगावच्या बीडीडी चाळीतला. आमच्या दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, गोष्टी दलित पँथरच्या. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे पाहून 1972 मध्ये निघालेली संघटना, ढसाळ, ढाले, ज. वि. पवार, आणि 10 जानेवारी 1974 ला परळच्या मोर्चात डोक्यात दगड पडून गेलेला भागवत जाधव. ब्लॅक पँथरचे नेते ह्युई न्यूटन हे नाव मी शाळेत असताना दादांच्याच तोंडून ऐकलं. पण त्याच न्यूटननी ऑगस्ट 1970 मध्ये आपल्या कार्यकर्त्यांना सांगितलं होतं, की समलिंगींच्या चळवळीशी हात मिळवा, त्यांना हिणवणाऱ्या शिव्या तोंडातून काढून टाका. हे काही चाळीपर्यंत पोचलं नाही. पोचलं असतं तर माझं सोळावं-सतरावं वर्ष वेगळं गेलं असतं, असं मला आजही वाटतं. कॉलेजात माझ्या जातीबद्दल गप्प बसणारे मित्र होते आणि वस्तीत माझ्या उरलेल्या अर्ध्याबद्दल. पायऱ्यांवर बसलेल्या त्या आजोबांशी बोलताना मला पहिल्यांदा काहीच गाळावं लागलं नाही.

दादांना मी स्वतःबद्दल सांगितलं ते रस्टिनच्या गोष्टीतून. फोनवर. ऐकून घेतल्यावर त्यांनी आधी रस्टिनचंच विचारलं, “साठ साली त्याला काढला, तेव्हा बाकीचे काय करत होते?”

“गप्प होते.”

“आणि त्रेसष्टला?”

“रँडॉल्फ उभे राहिले.”

“युनियनचा माणूस,” दादा म्हणाले. स्वतः गिरणीतले. मग आवाज चढला. “चळवळीतल्या माणसांनी असं करायचं? आपल्याच माणसाला? तुला कुणी काढलं का बाजूला? नावं सांग.”

नावं सांगायला मी तयार नव्हतो, पण काय काय झालं ते सांगायला लागलो. अर्धंच झालं त्या रात्री. उरलेलं दिवाळीत घरी गेलो तेव्हा, आईसमोर.