एम्प्रेस मिल ते व्हीपीएफ

नागपूरकर मंडळींना एम्प्रेस मिल सांगायला नको. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी ती सुरू केली, म्हणून हे नाव. याच मिलमध्ये १८८६ साली टाटांनी कामगारांसाठी पेन्शन फंड काढला. आणि गंमत बघा, १८६० पासून येऊन-जाऊन असलेला इन्कम टॅक्स आपल्याकडे कायमचा मुक्कामाला आला, तो कायदाही १८८६ चाच!

पुढे १९५२ मध्ये पीएफ योजना आली. पहिल्या सहा उद्योगांत कापड गिरण्या होत्याच. हळूहळू सौदा ठरला: पैसे भरताना सूट, व्याजाला सूट, काढताना सूट. २०१६ च्या बजेटमध्ये काढताना ६० टक्के रकमेवर कर लावायचा प्रस्ताव आला. एवढी ओरड झाली की ८ मार्चला तो मागे घ्यावा लागला.

मग २०२१ मध्ये बाजूचं दार उघडलं. १ एप्रिल २०२१ पासून तुमचा स्वतःचा हिस्सा (कंपनीचा नाही) वर्षाला अडीच लाखांवर गेला, की वरच्या रकमेचं व्याज करपात्र. नियम ९डी प्रमाणे एकाच पीएफचे दोन कप्पे झाले. ३१ मार्च २०२१ पर्यंतची जुनी शिल्लक बिनकराच्या कप्प्यात सुरक्षित.

आता हिशोब करू. बेसिक महिना १ लाख, म्हणजे पीएफ १२,०००. वर व्हीपीएफ १५,०००. वर्षाचे झाले ३,२४,०००. जास्तीचे ७४,००० करपात्र कप्प्यात. ८.२५ टक्के दर धरला तर पुढच्या पूर्ण वर्षाचं व्याज साधारण ६,१००. हे एकदाच नाही हं! तो कप्पा तसाच राहतो, दरवर्षी व्याज देतो आणि दरवर्षी कर लागतो.

अमेरिकेतल्या मित्रांना हे ओळखीचं वाटेल. तिथे १९८६ च्या करसुधारणेनंतर वजावट न मिळालेली आयआरएची रक्कम फॉर्म ८६०६ वर दाखवावी लागते. नाही दाखवली आणि कागद हरवले, तर काढताना त्याच पैशावर दुसऱ्यांदा कर! तिकडे मुद्दल लिहून ठेवायचं, आपल्याकडे व्याज. आपलं व्याज दरवर्षी करात येतं, म्हणून काढताना ते पुन्हा धरत नाहीत.

२०२३-२४ पासून नवी करपद्धत आपोआप लागू होते. तिच्यात ८०सी ची वजावट नाही, म्हणजे पीएफमध्ये जाणारा आपला रुपया आधीच कर भरून आलेला. अडीच लाखांपर्यंतच्या व्याजाची सूट मात्र शाबूत आहे. व्हीपीएफ वाढवायचा की नाही, हे आता या एका आकड्यावर ठरतं.

असो. हे व्याज पगार नव्हे, 'इतर उत्पन्न' आहे. त्यामुळे फॉर्म १६ वर विसंबू नका. पीएफ पासबुक आणि एआयएस शेजारी ठेवून आकडा जुळवा. टीडीएस कापला नाही याचा अर्थ कर माफ झाला असा नाही!