चुकण्याचा अधिकार : दांपत्यनिष्ठेच्या विनोदाचा एक दख्खनी इतिहास

१

विवाह आणि निष्ठा हे विषय विनोदाच्या कक्षेत कसे येतात, याचे स्पष्टीकरण मराठी समीक्षा सहसा प्रहसनाच्या तंत्रातून देते. गैरसमज, योगायोग, हरवलेली वस्तू, नको त्या वेळी आलेला पाहुणा ही या तंत्राची परिचित साधने होत. तंत्राच्या विश्लेषणाने हसू कसे निर्माण होते ते कळते. ते कोणाच्या बाजूने आणि कोणाच्या वाट्याचे आहे, हे मात्र कळत नाही. दांपत्यनिष्ठेवरील प्रत्येक विनोदी कृतीला एक निर्णय आधीच घ्यावा लागतो. या कृतीत चूक करण्याची मुभा कोणाला आहे, आणि चूक करूनही रसिकाच्या सहानुभूतीत राहण्याचा अधिकार कोणाला आहे? हा निर्णय वरवर वाङ्मयीन दिसतो. त्याची मुळे विवाहसंस्थेच्या सत्तासंबंधांत असतात. मराठी आणि तेलुगू या दोन शेजारभाषांच्या परंपरांत हा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला, याची मांडणी येथे करावयाची आहे.

२

या इतिहासाचा आरंभ भोकरदनच्या परिसरातून करणे युक्त ठरते. जालना जिल्ह्यातील केळना नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचे उल्लेख आहेत. उज्जयिनीहून प्रतिष्ठानकडे, म्हणजे पैठणकडे, येणाऱ्या व्यापारी मार्गावर हे नगर वसले होते. नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी १९७३ मध्ये येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि गुप्ते यांच्या अहवालाने (१९७४) सातवाहनकालीन नगरजीवनाचे चित्र अभ्यासकांपुढे ठेवले. येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती विशेष चर्चिली गेली, कारण इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे निकटचे साम्य आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. भोगवर्धनचा परिसर आणि रोमन जग यांना जोडणारा व्यापार त्यापूर्वीच सुरू होता, हे या साम्यावरून सूचित होते.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला या पुराव्याचा उपयोग वेगळ्या कारणासाठी आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' याच समाजाची निर्मिती आहे. तिचा गाभा इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतला असून पुढील काळात तिच्यात भर पडत गेली. गाथांचे जग प्रामुख्याने गावाचे आहे. नांगरधारी हलिक, गावप्रमुखाचा मुलगा, सासू, नणंद, दीर ही त्यातली माणसे. परंतु या गावाच्या स्थैर्याला सतत धक्का देणाऱ्या दोन व्यक्तिरेखा तिथे आहेत : प्रवासाला गेलेला पती आणि रात्रीपुरता आश्रय मागणारा पथिक. या दोघांनाही व्यापारी मार्गानेच जन्म दिला, असे अनुमान काढता येते. जो मार्ग एका घरातला पुरुष बाहेर नेतो तोच दुसऱ्या घरातला पुरुष त्या घराच्या उंबरठ्याशी आणून सोडतो. भोगवर्धनसारख्या मार्गस्थ नगरांच्या भोवतालच्या समाजात निष्ठा हा केवळ नीतीचा विषय राहू शकत नव्हता. अंतर आणि काळ यांच्याशी रोज करावयाचा तो व्यवहार होता.

या व्यवहारात बोलण्याची सूत्रे स्त्रीकडे आहेत, हे गाथांच्या विनोदाचे व्यवच्छेदक लक्षण. एका प्रसिद्ध गाथेतील स्त्री पथिकाला सासूची आणि स्वतःची निजण्याची जागा दिवसाउजेडी दाखवून ठेवते आणि रात्री वाट चुकू नकोस म्हणून बजावते. दुसऱ्या गाथेतील स्त्री फुले वेचायला येणाऱ्या धार्मिकाला आता निर्धास्त फिरायला सांगते. कारण त्याला त्रास देणाऱ्या कुत्र्याला गोदाकाठच्या झाडीतल्या सिंहाने मारले आहे. बिचारा धार्मिक त्या वाटेला पुन्हा फिरकणार नाही आणि तिचे संकेतस्थळ सुरक्षित राहील. दोन्ही ठिकाणी स्त्री रूढ अर्थाने दोषी आहे. तरीही हसू तिच्यावर नाही, तिच्यासोबत आहे.

हा आवाज स्त्रीचा की पुरुषाने रचलेला, अशी शंका रास्त आहे. टीकाकारांनी नोंदलेल्या कविनामांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी स्त्रीनामे आढळत असली तरी बहुसंख्य नावे पुरुषांची आहेत. रसिकाच्या मनोरंजनासाठी पुरुषाने कल्पिलेली चतुर स्त्री, असे तिचे वर्णन केले तरी एक गोष्ट उरतेच. या काव्यव्यवस्थेने स्त्रीला चुकण्याची आणि चुकीसह बुद्धिमान असण्याची जागा दिली होती. पुढील काळात पुरुषांनीच लिहिलेल्या विनोदात ही जागा का उरली नाही, हा म्हणूनच इतिहासाचा प्रश्न आहे.

३

या दोन गाथांचे साहित्यशास्त्रातील स्थानही लक्षात घेण्याजोगे आहे. आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोक' रचताना वाच्यार्थ एक आणि प्रतीयमान अर्थ त्याच्या उलट असू शकतो, हे पटवून देण्यासाठी याच उदाहरणांचा आधार घेतला. धार्मिकाला उद्देशून केलेल्या विधीतून निषेध सुचतो; पथिकाला केलेल्या निषेधातून विधी सुचतो. पुढे महिमभट्टाने 'व्यक्तिविवेका'त ध्वनीऐवजी अनुमान मानले तेव्हा त्यालाही हीच उदाहरणे पुन्हा तपासावी लागली.

म्हणजे भारतीय साहित्यशास्त्रातल्या एका मोठ्या सिद्धांताची उभारणी, निष्ठेचे नियम मोडणाऱ्या प्राकृत स्त्रीच्या वाक्चातुर्यावर झाली. शास्त्रकारांनी तिच्या वर्तनाचा न्यायनिवाडा केला नाही; तिच्या वाक्याचा अर्थ कसा लागतो, एवढेच विचारले. परंतु या तटस्थतेला दुसरी बाजू आहे. गाथेतील स्त्री उदाहरण झाली आणि तिच्यामागचे घर, गाव, मार्ग हे सारे विवेचनातून गळून गेले. ध्वनीचा अभ्यास करणाऱ्याला संकेतस्थळ महत्त्वाचे वाटते. ते लपवण्याची गरज का पडते, हे विचारावे लागत नाही.

४

आधुनिक मराठीत दांपत्यनिष्ठेच्या विनोदाची प्रमाणभूत कृती म्हणजे गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संशयकल्लोळ'. मोलिअरच्या १६६० मधील 'स्गानारेल'वरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये 'ऑल इन द राँग' रचले. त्यावरून देवलांनी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक १८९३ मध्ये सिद्ध केले. त्याचे संगीत रूप १९१६ मध्ये, देवलांच्या निधनानंतर, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. रस्त्यात मूर्च्छित झालेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते कृत्तिका पाहते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, ते फाल्गुनराव पाहतो. पुढे चौघांच्याही मनात संशय फैलावतो.

या संरचनेत संशयाचे वाटप समान आहे. नवरा बायकोवर संशय घेतो, बायको नवऱ्यावर. प्रियकर प्रेयसीवर, प्रेयसी प्रियकरावर. समीक्षेने या सममितीची वाखाणणी केली आहे, आणि ती योग्यही आहे. परंतु या सममितीची एक पूर्वअट आहे : कोणीही प्रत्यक्षात चुकलेले नसावे. गाथेत निष्ठाभंग आहे आणि त्याविषयी मौन आहे. 'संशयकल्लोळ'मध्ये निष्ठाभंगाची चर्चा अखंड आहे आणि निष्ठाभंग कुठेच नाही. मध्यमवर्गीय गृहस्थाश्रम रंगभूमीवर हसण्याजोगा व्हायचा तर त्याची पायाभूत शुद्धता अबाधित राहणे आवश्यक होते. रखमाबाईंचा खटला आणि १८९१ चा संमतिवयाचा कायदा यांनी विवाहाला सार्वजनिक वादाच्या चव्हाट्यावर आणलेला तो काळ होता. त्या काळात निर्दोषांचा विनोद हाच सुरक्षित विनोद ठरावा, यात नवल नाही.

तरीही देवलांनी केलेला एक बदल या सुरक्षिततेला छेद देतो. मोलिअर आणि मर्फी यांच्या नायिका प्रतिष्ठित घरच्या कन्या आहेत. देवलांची रेवती गणिकेच्या घरातली आहे. 'मृच्छकटिका'चे मराठी रूपांतर आधी केलेल्या नाटककाराच्या मनात वसंतसेना असणे स्वाभाविक होते. या बदलाने संशयाच्या सममितीला तडा जातो. फाल्गुनरावाचा संशय हा त्याचा स्वभावदोष आहे, म्हणून तो हास्यास्पद ठरतो. अश्विनशेठच्या संशयाला मात्र रेवतीच्या जन्माचा आधार आयताच मिळतो. कृत्तिकेला निर्दोष असणे पुरते. रेवतीला निर्दोष असणे सिद्ध करावे लागते. तिच्या तोंडी गाथेतील स्त्रीचे चातुर्य देवलांना देता आले असते. त्यांनी तिला सचोटी दिली, कारण विवाहाच्या दारातून आत येण्याची तीच किंमत होती. ही भूमिका गंधर्व मंडळीत बालगंधर्वांनी केली. कुलीनतेची परीक्षा देणारी गणिकाकन्या एका पुरुषाच्या देहातून उभी राहिली आणि घरंदाज प्रेक्षकवर्गाने तिला आपली मानले, ही घटना नाट्येतिहासात नोंदली जाते. तिच्या अर्थाची चर्चा क्वचित होते.

तेलुगू रंगभूमीने याच सुमारास वेगळी वाट धरली. गुरजाड अप्पाराव यांचे 'कन्याशुल्कम्' १८९२ मध्ये प्रथम रंगभूमीवर आले आणि १९०९ मध्ये त्यांनी ते आमूलाग्र नव्याने लिहिले. त्यातील मधुरवाणी हीदेखील गणिका आहे. पण ती फसवते, वेष पालटते, सोंगे आणते. पुरुषांची कारस्थाने तिच्याच युक्तीने उधळली जातात. तिला विवाहाचे दार नको असते, म्हणून तिला परीक्षाही द्यावी लागत नाही. गाथेतील स्त्रीचा वारसा मधुरवाणीकडे आला, रेवतीकडे आला नाही.

५

विसाव्या शतकाच्या मध्यावर या अधिकाराचे तिसरे वाटप दिसते. आचार्य अत्रे यांच्या 'लग्नाची बेडी' (१९३६) या नाटकात विवाहित पुरुषांचे मन एका नटीकडे ओढले जाते. तेलुगूत क. वि. रेड्डी यांचा 'पेळ्ळिनाटि प्रमाणालु' हा चित्रपट १९५८ मध्ये आला. नावाचा अर्थ, लग्नाच्या दिवशीच्या शपथा. पिंगळि नागेंद्रराव यांचे लेखन, घंटसाल यांचे संगीत, अक्किनेनी नागेश्वरराव आणि जमुना ही जोडी. संसारात रमलेला नायक कचेरीतल्या सचिव स्त्रीकडे आकृष्ट होतो आणि पत्नी त्याला शपथांची आठवण देऊन परत आणते. दोन्ही ठिकाणी चुकणारा पुरुष आहे. चूक खरी आहे, आणि ती क्षम्य आहे. पत्नीच्या वाट्याला युक्ती आली. परंतु गाथेतील युक्ती स्वतःच्या इच्छेसाठी होती, ही युक्ती संसार वाचवण्यासाठी आहे.

दोन भाषांतील हे साम्य आकस्मिक नाही. लग्न करून पाहण्याची आणि घर बांधून पाहण्याची म्हण मराठी आणि तेलुगू दोहोंत आहे. तिच्यावरूनच मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावे करून' (१९४०) आणि एल. व्ही. प्रसाद यांच्या 'पेळ्ळि चेसि चूडु' (१९५२) या चित्रपटांची नावे आली. भोकरदनसह मराठवाडा आणि तेलंगण १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. एकपत्नीत्वाचा कायदा मात्र सर्वत्र एकाच वेळी आला नाही. मुंबई प्रांताने द्विभार्याप्रतिबंधक कायदा १९४६ मध्ये केला. त्याची सीमा निजामी राज्याच्या अलीकडे थांबत होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ही विषमता मिटवली आणि सप्तपदीला कायद्याच्या भाषेत स्थान दिले. त्यानंतर तीन वर्षांनी आलेला रेड्डी यांचा चित्रपट लग्नाच्या शपथांना नाव आणि कथानक दोन्ही देतो. 'नातिचरामि' हा पुरुषाने उच्चारावयाचा शब्द प्रथमच केवळ विधीचा न राहता उत्तरदायित्वाचा झाला, ही त्या काळाची उपलब्धी होय.

परंतु उत्तरदायित्व मागणारा कायदाही एकसंध नव्हता. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ४९७ नुसार व्यभिचाराचा गुन्हेगार परपुरुषच असे. तक्रारीचा हक्क मुख्यतः स्त्रीच्या पतीला होता. स्त्रीला चिथावणीबद्दलही शिक्षा नव्हती, आणि पतीविरुद्ध तक्रार करण्याचा हक्कही नव्हता. ही सवलत भासते, पण तिच्या मुळाशी स्त्रीला स्वतंत्र इच्छा नाही, हे गृहीत आहे. जी चुकू शकत नाही ती निवडूही शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे कलम रद्द केले, तेव्हा कायद्याने स्त्रीविषयी जे मान्य केले ते सातवाहनकालीन गाथेने हसत हसत मान्य केलेले होते.

६

या मांडणीतून गाथांचा काळ स्त्रीसाठी सुखाचा होता, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. संकेतस्थळ लपवावे लागत होते, सासू जागी होती, आणि चातुर्य हा निरुपायाचाही आविष्कार असतो. मुद्दा वाङ्मयीन परंपरेच्या आकलनाचा आहे. मराठी विनोदाचा इतिहास ग्राम्यतेकडून सभ्यतेकडे झालेल्या प्रवासाच्या रूपात सांगितला जातो. दांपत्यनिष्ठेच्या विनोदापुरता तरी हा प्रवास तसा सरळ नाही. गाथेने स्त्रीला चूक आणि बुद्धी दोन्ही दिल्या. 'संशयकल्लोळ'ने सर्वांकडून चूक काढून घेतली. पुढच्या नाटक-चित्रपटांनी ती पुरुषाला परत दिली आणि स्त्रीकडे क्षमा ठेवली. सभ्यतेच्या प्रत्येक पायरीवर हास्य अधिक निर्मळ झाले, आणि त्या निर्मळपणाची किंमत एकाच बाजूने मोजली गेली. 'संशयकल्लोळ'च्या यापुढील वाचनात तसबिरीच्या घोटाळ्याइतकेच लक्ष रेवतीच्या सचोटीकडे द्यावे लागेल. कारण घोटाळा शेवटी उलगडतो, सचोटीचा पुरावा मात्र तिच्याकडे नाटक संपल्यावरही मागितला जाणार आहे.