स्टेटचार्ट आणि आपली ‘अवस्था’

‘स्टेटचार्ट’ हे नाव पडलं ते शिल्लक राहिलेल्या जोडीवरून. १९८३च्या सुमारास इस्रायलचे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल ‘लावी’ या लढाऊ विमानाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर काम करणाऱ्या अभियंत्यांना सल्ला देत होते. वैमानिकानं अमुक बटण दाबलं तर काय होतं, असं विचारलं की जाडजूड दस्तऐवजाच्या एका खंडात उत्तर सापडे आणि दुसऱ्यात त्याचा अपवाद. हे सगळं नेमकेपणानं एका चित्रात मांडायची रीत हॅरेल यांनी काढली. ‘फ्लो’ किंवा ‘स्टेट’ यांना ‘चार्ट’ किंवा ‘डायग्रॅम’ जोडून होणाऱ्या चारपैकी तीन जोड्या आधीच रूढ होत्या. उरलेली त्यांनी घेतली.

या नावाला मराठी रूप द्यायचं तर आधी ‘स्टेट’ पाहू. त्याचं मूळ लॅटिन ‘स्तारे’, म्हणजे उभं राहणं. आपला ‘स्था’ धातू त्याचाच सख्खा भाऊ. म्हणून मराठीत ‘स्थिती’ आणि ‘अवस्था’ असे दोन्ही शब्द दाराशी उभे आहेत. मला ‘अवस्था’च हवी. उत्पत्ती-स्थिती-लय या त्रयीतली ‘स्थिती’ टिकून राहण्याकडे झुकते. बाल्यावस्था मात्र सरण्यासाठीच येते. ‘स्थित्यंतर’ आपण समाजाच्या, काळाच्या मोठ्या बदलाला म्हणतो. एक बटण दाबल्यानं पडद्यावर घडतं ते ‘अवस्थांतर’.

आणखी एक गोष्ट ‘अवस्था’ या शब्दात आधीपासून आहे. बाल्य, तारुण्य, वार्धक्य या तीन अवस्था. जागृती, स्वप्न, सुषुप्ती या दुसऱ्या तीन. माणूस एकाच वेळी दोन्हींकडे असतो: तरुण आणि झोपलेला. साध्या ‘स्टेट डायग्रॅम’मध्ये यांच्या नऊ जोड्यांसाठी नऊ चौकटी काढाव्या लागतात. हॅरेल यांनी दोन कप्पे शेजारी ठेवून सहांत भागवलं. जिथे दहा स्वतंत्र कळा चालू-बंद होतात, तिथे १,०२४ चौकटींऐवजी २० पुरतात. गुंतागुंतीचा पडदा कागदावर मावतो तो यामुळे. १९८७च्या निबंधात त्यांनी चार बटणांच्या सिटिझन मनगटी घड्याळाचं उदाहरण घेतलं. ‘बंद’ आणि ‘चालू’ या बाहेरच्या अवस्था. चालूच्या पोटात वेळ, दोन गजर, दिवा, प्रत्येकाचा वेगळा कप्पा. ‘एच’ अक्षराची एक खूणही त्यांनी ठेवली: परत आलात की मागच्या वेळी जिथे होतात, तिथेच जा.

‘चार्ट’ लॅटिनमधल्या कागदावरून आला, ‘तक्ता’ फारसीतल्या फळीवरून. शाळेच्या भिंतीवरचा तक्ता आपल्या ओळखीचा आहे. तेव्हा ‘अवस्थातक्ता’ म्हणावं. संस्कृत आणि फारसीची ही जोडी कुणाला खटकेल, पण आपल्याकडे ‘धनदौलत’ सुखानं नांदते. मराठीतून संगणक शिकवणाऱ्यांनी हा शब्द वर्गात वापरून पाहावा.