समकालिक रिले उपग्रहजाळे (केर्बल स्पेस प्रोग्रॅम)

केर्बल स्पेस प्रोग्रॅम या अंतराळ उड्डाणाच्या संगणकीय खेळात दूरच्या यानांशी संपर्क टिकवण्यासाठी केर्बिन ग्रहाभोवती समकालिक कक्षेत रिले उपग्रहांचे जाळे उभारले जाते. २०१६ मधील १.२ आवृत्तीत आलेल्या कॉमनेट प्रणालीनुसार संपर्क तुटलेल्या मानवरहित यानाचे नियंत्रण मर्यादित होते.

केर्बिनची त्रिज्या ६०० किमी असून समकालिक कक्षा विषुववृत्तावर सुमारे २,८६३ किमी उंचीवर येते. तिचा परिभ्रमणकाळ ५ तास ५९ मिनिटे ९ सेकंद आहे. परस्परांपासून १२० अंशांवर ठेवायचे तीन उपग्रह सहसा एकाच वाहक यानातून नेतात. वाहकाच्या लंबवर्तुळाकार कक्षेचा दूरबिंदू समकालिक उंचीवर आणि परिभ्रमणकाळ दोन-तृतीयांश, म्हणजे ३ तास ५९ मिनिटे २६ सेकंद ठेवला जातो. प्रत्येक फेरीत वाहक दूरबिंदूशी आला, की एक उपग्रह सुटतो व इंजिन चालवून आपली कक्षा वर्तुळाकार करतो. वाहक पुन्हा तेथे परतेपर्यंत तो २४० अंश पुढे गेलेला असतो.

यात अचूक उंचीपेक्षा तिन्ही उपग्रहांचे परिभ्रमणकाळ जुळणे महत्त्वाचे असते. एका सेकंदाचा फरक राहिला, तरी ४२६ दिवसांच्या केर्बिन-वर्षात उपग्रह सुमारे ७ अंश सरकतो. रिले प्रकारचा अँटेना नसलेला उपग्रह मात्र कितीही अचूक ठेवला तरी जाळ्याच्या उपयोगाचा नसतो. तो इतर यानांचे संदेश पुढे पाठवत नाही.