पायवाटांचा देश

प्रवासाची आंखणी करावयाची म्हटली म्हणजे आपण प्रथम आगगाडीचें वेळापत्रक पाहतों. पण पायीं हिंडणारास वेळापत्रक कोण देणार? स्वित्झर्लंडनें या प्रश्नाला दिलेलें उत्तर मोठें उद्बोधक आहे.

हा देश सुमारें ४१ हजार चौरस किलोमीटरांचा. परंतु त्याच्या पोटांत केवढी विविधता! वायव्येस जुरा पर्वताच्या चुनखडीच्या रांगा, मध्यें सरोवरांचा पठारी प्रदेश, दक्षिणेस आल्प्सचीं हिमशिखरें. माज्जोरे सरोवराचा कांठ समुद्रसपाटीपासून १९३ मीटर उंच, तर ड्युफूर शिखर ४६३४ मीटर! अशा भूमींत नुसतें अंतर कळून उपयोग काय?

पूर्वीं तेथील घाट पादचाऱ्यांचे होते. ग्राउब्युंडेन या डोंगराळ प्रांतानें तर १९०० सालीं मोटारींना बंदी केली होती. ती १९२५ मध्यें उठली. पुढें झ्युरिच प्रांतांतील योहानेस याकोब एस नांवाचे शिक्षक विद्यार्थ्यांसह क्लाउसेन घाटांतून जात असतां मोटारींच्या वर्दळीनें मुलांना चालणें कठीण झालें, असें सांगतात. रस्ता मोटारींनीं घेतला, तर चालणारानें जावें कोठून? या विचारांतून १९३४ मध्यें एस यांच्या पुढाकारानें पायवाटांसाठीं देशव्यापी संस्था स्थापन झाली.

तिनें सर्वत्र एकाच धर्तीच्या पिवळ्या पाट्या लावण्याचें कार्य हातीं घेतलें. या पाट्यांवर अंतराऐवजीं चालण्यास लागणारा वेळ असतो. सपाटीवर ताशीं सुमारें चार किलोमीटर धरून चढउताराप्रमाणें तो ठरवितात. साध्या वाटेस पिवळी खूण, डोंगरवाटेस पांढरी-तांबडी-पांढरी, आणि हिमनदी वा कडे ओलांडणाऱ्या बिकट वाटेस पांढरी-निळी-पांढरी. त्यामुळें कोणती वाट आपल्या शक्तीबाहेरची आहे, हें प्रवाशास पाऊल टाकण्यापूर्वींच कळतें.

तथापि पाटी लावली म्हणून वाट टिकत नाहीं. डांबरी सडका व वाढतीं शहरें अनेक वाटा गिळूं लागलीं. तेव्हां १९७९ सालीं हा प्रश्न लोकमतास टाकण्यांत आला, आणि तीन चतुर्थांशांहून अधिक मतदारांनीं पायवाटांना राज्यघटनेंत स्थान दिलें. १९८५ चा कायदा १९८७ पासून अंमलांत आला. जाळ्यांतील वाट नाहींशी करावी लागल्यास तिच्याऐवजीं योग्य दुसरी वाट देण्याची तजवीज त्यांत आहे.

आज या वाटांची लांबी ६५ हजार किलोमीटरांहून अधिक भरते. तेथें सहलीचा बेत आंखणारा मनुष्य नकाशा उघडतो, तेव्हां त्याला वाट तयार मिळते. परंतु ती निसर्गानें दिलेली नसून नागरिकांनीं जपलेली आहे. चालणाऱ्याचा हक्कही वाटेसारखाच आहे. वापर थांबला कीं त्यावर गवत माजतें.