मढं राखणारे

गावाच्या शिवेत बेवारशी मढं सापडलं की पाटलाचा सांगावा महारवाड्यात यायचा. तालुक्याहून फौजदार येईस्तोवर मढं राखायचं. थंडीत, पावसात, कुत्र्या-कोल्ह्यांपासून. जखमा सगळ्यात आधी राखणदाराच्या डोळ्यांनी पाहिलेल्या. पण पंच म्हणून सही करायला गावातले प्रतिष्ठित. राखणदाराला विचारतो कोण!

ही वतनाची चाकरी. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्यात महार-मांग वतनदार परिषद भरली, तिला ते स्वतः आले. आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना तुळजापूरची यात्रा तोंडपाठ असते, तडवळं मात्र ठाऊक नसतं.

आता दवाखान्याकडे या. 1836 साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी प्रेत चिरलं, त्याचा केवढा गाजावाजा! शिकलेल्या जातवाल्यानं मढ्याला हात लावला म्हणून. आमचा बाप पिढ्यान्‌पिढ्या मढी ओढत होता, त्याचं कौतुक कुठल्या ग्रंथात नाही. आणि विटाळ गेला म्हणता? किती तरी शवागारांत सुरी सफाई कामगाराच्या हातात, डॉक्टर हातभर लांब, अन् कागदावर सही डॉक्टरची.

दोस्तहो, या कागदाची आपण भीती धरू नये, तो वाचायला शिकावं. शास्त्र फार अवघड नाही. काठीचा मार बसला की कातडीवर दोन समांतर लाल रेघा उठतात, मधला पट्टा फिका, रेल्वेच्या रुळासारखा. फाशी घेतलेल्याचा वळ बहुतेक वेळा तिरपा वर कानाकडे चढतो. दोरीनं आवळून मारलेल्याचा गळ्याभोवती आडवा फिरतो. माणूस मेला की रक्त खालच्या अंगाला उतरून साकळतं. पाठीवर साकळलेलं रक्त अन् मढं मात्र पालथं सापडलं, तर मागनं कुणीतरी ते हलवलंय. विषाचा संशय असला की व्हिसेरा प्रयोगशाळेत जातो. पण हे सारं बघणाऱ्यानं बघितलं तर.

29 सप्टेंबर 2006. खैरलांजी, भंडारा जिल्हा. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी, दोन मुलं ठार केली. पहिलं शवविच्छेदन एका नवख्या डॉक्टरनं उरकलं. बोंब उठली तेव्हा पुरलेली प्रेतं उकरून दुसऱ्यांदा तपासावी लागली. तोवर कुजणाऱ्या देहातनं किती पुरावा उरणार? 2008 मध्ये कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. 2010 मध्ये हायकोर्टानं ती 25 वर्षांच्या कैदेवर आणली. अॅट्रॉसिटीचं कलम दोन्हीकडे लागलं नाही. खून झाला म्हणे, जात नव्हती! ही फट पहिल्या दोन दिवसांत पडते, नंतर मोर्चे काढून ती बुजत नाही.

म्हणून परभणी लक्षात ठेवा. 10 डिसेंबर 2024 ला बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढची संविधानाची प्रतिकृती फोडली, लोक रस्त्यावर आले, धरपकड झाली. कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला कोठडीत मेला. छातीत दुखलं, अशी बोली सुरू झाली. पण शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात झालं, अन् मत लिहिलं गेलं : अनेक जखमांमुळं आलेला शॉक. एवढीच ओळ. याच ओळीवर सगळी लढाई उभी राहिली.

कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानं करावी, हे कायद्यात 2005 च्या दुरुस्तीनं आलं. आता ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 मध्ये आहे. मानवी हक्क आयोगानं तर 1993 मध्येच 24 तासांत कळवा म्हणून सांगितलं, 1995 मध्ये शवविच्छेदनाचं चित्रीकरण करा म्हणून. कागदं आपल्या बाजूनं आहेत, ती मागायला नातेवाइकांसोबत कुणीतरी उभं पाहिजे.

परभणीत आई उभी राहिली. तिनं सरकारची मदत नाकारली. तिच्या बाजूनं प्रकाश आंबेडकर हायकोर्टात बोलले. 4 जुलै 2025 ला औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायचा हुकूम दिला, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, 30 जुलैला तिथंही हरलं.